अव्होकाडोचा कोट

“छाती किती भरली?” बाईंनी ओट्यावरून विचारलं.

मी टेपचं एक टोक दातांत धरून झाडाला फेरी घालत होतो. झाडाची छाती नेमकी कुठे धरायची हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. वडिलांनी सदरा शिकवला, सफारी शिकवली, बैलाची झूलसुद्धा शिकवली, पण झाड काही शिकवलं नाही. शेवटी जिथे पालवी सगळ्यात जास्त पसरली होती तिथे मी टेप आवळला आणि आकडा वाचला.

“एकशे चौदा, बाई.”

“एकशे चौदा काय? शेर? मैल?”

“इंच, बाई.”

“मग तसं म्हण. आता उंची घे. आणि पानाला धक्का लावू नकोस, मी बघतेय.”

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. निफाडच्या बाजारपेठेत ‘निकुंभ टेलर्स’ अशी पाटी असलेलं दुकान होतं, दोन पायमशीन होती, मिशीही बऱ्यापैकी आली होती. पण कुलथे बाईंनी मला चौथीपासून सातवीपर्यंत शास्त्र शिकवलं होतं, आणि त्या समोर आल्या की माझे दोन्ही हात आपोआप मागे जायचे. दुकानात येऊन त्यांनी मला सांगितलं होतं, “मुरलीधर, एक कोट शिवायचा आहे, गिऱ्हाईक दुकानात येऊ शकत नाही, तू घरी ये.” मला वाटलं कोणी आजारी माणूस असेल.

गिऱ्हाईक म्हणजे बाईंचं अव्होकाडोचं झाड. बाईंची बहीण कुन्नूरला असायची. तिथे हे फळ खाऊन बाईंनी त्याची बी रुमालात गुंडाळून आणली आणि घराच्या मागच्या अंगणात लावली. चार वर्षांत झाड बाईंच्या डोक्याच्या वर गेलं. गावात त्याला कोणी ‘आवकाडू’ म्हणायचं, कोणी ‘बाईंचा परदेशी आंबा’. बाई प्रत्येकाचा उच्चार सुधारायच्या.

आता झाडाला कोट कशाला, ते सांगतो. आमच्याकडची थंडी वाईट. द्राक्षवाले डिसेंबर आला की पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसतात. त्या वर्षी बिरारी सर भूगोलाच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि त्यांच्या निरोप समारंभात त्यांनी भाषण केलं. माणसाने आपला भूगोल ओळखावा, असा त्यांचा विषय होता. उदाहरण म्हणून त्यांनी व्यासपीठावरून बाईंचं झाड घेतलं. निफाडच्या अक्षांशावर हे झाड टिकणार नाही, यंदाच्या थंडीत त्याचा निकाल लागेल, असं ते म्हणाले. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या आणि भाषण तिथेच थांबलं.

पैज लागली ती अशी. रथसप्तमीच्या दिवशी झाडावर शंभर हिरवी पानं असली, तर बिरारी सरांनी मिशी काढायची. शंभराच्या खाली एक जरी भरलं, तर बाईंनी शाळेच्या प्रार्थनेला उभं राहून सगळ्या मुलांसमोर म्हणायचं की शास्त्र चुकलं आणि भूगोल बरोबर निघाला. पानं मोजायची कोणी, तर सरांच्या मुलीनं, शोभनानं. ती बाईंची विद्यार्थिनी, शिवाय वनस्पतीशास्त्रात बीएस्सी झालेली, तेव्हा दोन्ही बाजूंना हरकत नव्हती.

बिरारी सरांची मिशी साधीसुधी नव्हती. ती नाकाखालून निघून गालांवर चढायची आणि कानांच्या दिशेनं पुन्हा उताराला लागायची. मुलं तिला सातमाळ्याची डोंगररांग म्हणायची. नकाशावर डोंगर दाखवताना सर स्वतः नकळत तिला हात लावायचे. सरांच्या बायकोला मात्र ती कधीच आवडली नव्हती.

यात मी कुठे सापडलो, तर आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, नेमका त्याच महिन्यात माझ्यासाठी शोभनाच्या घरी शब्द टाकला होता. सोयरीक बरोबरीची होती, घर ओळखीचं होतं, आणि सरांनी विचार करतो म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ज्या झाडाला मी कोट शिवत होतो, ते जगलं तर माझ्या होणाऱ्या सासऱ्याची मिशी जाणार होती.

दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते कापड बेतत होते. त्यांनी खडूची रेघ पुरी केली. मग म्हणाले की गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नसतं, आणि कुलथे बाईंना तर नाहीच.

कोटाला दोन जुनी घोंगडी लागली. आतून अस्तर, समोर पट्टी, पट्टीवर अकरा काजं. शेंड्याला थंडी लागू नये म्हणून मी कॉलरही लावली. खालची एक फांदी मात्र कुंपणाच्या दिशेनं, पूर्वेला, लांब बाहेर आली होती. तिच्यासाठी वेगळी बाही लागणार होती आणि घोंगडी संपली होती. बाईंनी आपली एक जुनी पांढरी मलमलची साडी फाडून दिली. त्या साडीची मी बाही शिवली. सगळं अंगावर चढवलं तेव्हा झाड हुबेहूब एका हातानं बस थांबवणाऱ्या माणसासारखं दिसत होतं.

बाईंचे गुडघे धरलेले असायचे. म्हणून रोज संध्याकाळी जाऊन कोटाची बटणं लावायची आणि सकाळी सातला जाऊन काढायची हे काम माझ्याकडे आलं. सकाळी काढायचीच, यावर बाई ठाम होत्या. रात्रभर गारठलेल्या झाडाला उजाडल्याबरोबर ऊन मिळालं पाहिजे, कोवळं ऊन म्हणजे टॉनिक, असं त्यांचं म्हणणं होतं. मीही मान डोलावली. थंडीत आपण काय करतो? उन्हात जाऊन उभे राहतो.

दोन दिवसांनी बिरारी सर दुकानात आले. पॅन्टची कंबर सैल करून हवी होती. माप घेऊ दिलं आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाले, “कोट फार घट्ट शिवलात असं ऐकलं.”

मी म्हणालो की झाडाच्या मापानं शिवला.

“मी तुम्हाला काही सांगत नाही, मुरलीधर,” सर म्हणाले. “मी फक्त हवामान सांगतो. सैल कपड्यात थंडी शिरते, एवढंच.” आणि मिशीवरून हात फिरवून निघून गेले. पॅन्ट द्यायचं ते विसरले.

त्याच आठवड्यात शोभनाला बघायचा कार्यक्रम ठरला, संध्याकाळी सहाला. साडेपाचला मी बाईंच्या अंगणात कोट चढवत होतो, आणि मलमलच्या बाहीचं बटण तुटून पडलं. दुसरं बटण लावायला वेळ नव्हता. खिशात गोधडीचा जाड दोरा आणि सुई होती. मी बाहीचं तोंड फांदीभोवती सरळ शिवून टाकलं, वर दोन गाठी मारल्या आणि पळालो.

बिरारींच्या घरी माझी आई, दादा, सर, सरांच्या बायको असे सगळे बसले होते. शोभना पोहे घेऊन आली. सरांनी मला उत्पन्नाबद्दल, नाशिकच्या नातेवाइकांबद्दल विचारलं. झाडाचा विषय कोणी काढला नाही. मग सर म्हणाले की मुलीला काही विचारायचं असेल तर तिनं विचारावं. शोभनानं माझ्याकडे पाहिलं.

“झाडाला कॉलर कशाला लावलीत?”

“थंडी मानेतून शिरते,” मी म्हणालो.

ती उठून आत गेली. आतून बराच वेळ खोकल्यासारखा आवाज येत होता. आईला वाटलं मुलीला दमा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बाहीची गाठ सुटेना. दवानं दोरा भिजून फुगला होता आणि नखं गारठली होती. कात्रीनं कापला असता तर दोन मिनिटांचं काम, पण झाडाजवळ धारदार काही न्यायचं नाही असा बाईंचा हुकूम होता. आदल्याच महिन्यात त्यांनी विळा घेऊन आलेल्या एका गवतवालीला रस्त्यापर्यंत पिटाळलं होतं. ती फांदी झाडाच्या पलीकडच्या अंगाला होती, ओट्यावरून दिसत नव्हती. बाईंनी ओट्यावरूनच विचारलं, “सगळं काढलंस?”

मी म्हणालो, “काढलं, बाई.”

इतकं सोपं होतं ते. एकदा काढलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी काढायला कात्री कशी मागणार? तिसऱ्या दिवशीही काढलं म्हणालो. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात दुसरंही काही होतं. उन्हाशिवाय ती फांदी मरणार याची मला खात्री होती. एक फांदी म्हणजे चाळीस-पन्नास पानं. बाईंचं नुकसान मी होऊन करत नव्हतो, पण होत असेल तर बिरारी सरांचं काम परस्पर होत होतं. रोज सकाळी मी त्या पांढऱ्या बाहीकडे न बघता बाकीचा कोट काढायचो, घडी घालायचो आणि चहा न घेता निघायचो. चहा घेतला असता तर बाईंसमोर बसावं लागलं असतं.

ख्रिसमसच्या सुमारास पानं बिघडायला लागली.

आधी पानांवर पांढुरके डाग आले, मग डाग तपकिरी झाले, आणि मग अख्खी पानं तव्यावर विसरलेल्या पापडासारखी करपली. बाई दर रविवारी पानं मोजून ओट्यावरच्या फळ्यावर आकडा लिहायच्या. तीनशेवरून दोनशे दहा, दोनशे दहावरून दीडशे. नजर अधू असल्यामुळे त्या जवळ जाऊन, चष्मा वर करून, झाडाच्या अलीकडच्या बाजूनं मोजायच्या. पलीकडे कुंपणाशी निवडुंगाच्या कुंड्या होत्या, म्हणून तिकडची पानं मोजायला मला सांगायच्या. मी अंदाजाने आकडा द्यायचो.

बाईंनी निदान केलं की ऊन कमी पडतंय. त्यांनी कपाटाचा आरसा काढायला लावला. तो आरसा आम्ही पश्चिमेला खुर्चीवर असा उभा केला की सकाळचं ऊन त्याच्यावर पडून झाडाच्या सावलीतल्या अंगावर परत यावं. आरशानं भागेना म्हणून दोन्ही बाजूंना स्टीलच्या पराती टांगल्या, मग ताटं, मग डब्यांची झाकणं. सकाळी आठला ते अंगण इतकं झळकायचं की शेजारच्या गच्चीवर पापड वाळवणाऱ्या बायकांनी तक्रार केली. भांडी घ्यायची म्हणून एक माणूस भाव विचारायला आला. झाडाला सुंठ-गुळाचा काढा घालून झाला, ओव्याची धुरी देऊन झाली. एकदा मी गेलो तर बाई झाडासमोर खुर्ची टाकून त्याला अत्यंत शांत आवाजात समज देत होत्या. तो आवाज मी ओळखत होतो. त्यानंतर छडी यायची.

आरसा लावल्यावर झाड दुप्पट वेगानं करपलं. आतापर्यंत पश्चिमेची पानं जरा बरी होती, ती पण गेली. फळ्यावर एकशे दोन आलं, त्यात माझ्या अंदाजाची तीस होती. बिरारी सर रोज सकाळी बाईंच्या घरावरून फिरायला जायला लागले. त्यांचा नेहमीचा रस्ता तो नव्हता.

संक्रांतीला बाईंकडे माजी विद्यार्थी तिळगूळ घ्यायला यायचे. त्या वर्षी तर चाळीसेक माणसं जमली, कारण सगळ्यांना झाड बघायचं होतं. बिरारी सर आले, त्यांच्या बायको आल्या, माझे दादा आले. बाईंनी ठरवलं की रथसप्तमीच्या आधी एक तालीम म्हणून शोभनानं पानं मोजावीत. त्यांचा चेहरा नेहमीसारखाच कडक होता, पण वडी त्या एकाच माणसाला दोनदा देत होत्या. सातवीत आम्ही सगळे नापास झालो होतो तेव्हाही त्यांचा हिशेब चुकला नव्हता.

शोभनानं दोन अंगांची पानं मोजली. सदतीस भरली. सरांनी मिशीचं एक टोक वर केलं. मग ती पदर सावरत निवडुंगाच्या कुंड्या ओलांडून पलीकडे गेली. मी डोळे मिटले.

“बाई, इथे काहीतरी बांधलेलं आहे,” तिचा आवाज आला.

बाई म्हणाल्या की तिथे काही नाही, मुरलीधर सगळं रोज काढतो. शोभना म्हणाली की शिवलंय हे, दोऱ्यानं. तिनं केसातली पिन काढली आणि गाठ उकलली. पाचव्या मिनिटाला पांढरी बाही खाली पडली.

आत फांदी होती आणि फांदीवर पानं होती. मेंदीच्या पानासारखी गर्द, चकाकती, एकावरही डाग नाही. करपलेल्या झाडावर ती फांदी दुसऱ्याच कुठल्या झाडाची आणून लावल्यासारखी दिसत होती, आणि बिरारी सरांनी तेच म्हटलं.

“आंब्याची पानं आहेत ती,” सर म्हणाले. “बाईंनी चिकटवून घेतली आहेत. शिंपी त्यांचाच आहे.”

बाईंचा चेहरा पांढरा झाला. त्यांच्यावर लबाडीचा आरोप, आणि तोही चाळीस विद्यार्थ्यांसमोर. त्यांना खरंच माहीत नव्हतं ती फांदी हिरवी कशी राहिली. माहीत होतं ते मला.

गप्प राहिलो असतो तर सरांची पैज जवळजवळ जिंकलेलीच होती. दादा माझ्याकडे बघत होते आणि मान हलवून मला नको नको म्हणत होते.

“बाई, मी खोटं बोललो,” मी म्हणालो. “ती बाही मी काढलीच नाही. गाठ सुटली नाही आणि मी तुम्हाला काढली म्हणून सांगितलं.”

“कधी?”

“चार आठवडे झाले.”

“रोज?”

“रोज, बाई. रविवारी पानांचा आकडासुद्धा मी अंदाजानंच दिला.”

“आणि फांदी मेली असती तर?”

“मरेल असंच वाटलं होतं, बाई,” मी म्हणालो. आता सगळंच बाहेर येत होतं. “मेली तर बरं, असंही वाटलं होतं. सरांच्या घरी माझं बोलणं चाललंय म्हणून.”

बिरारी सर एकदम आभाळाकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा पुसला, परत लावला, आणि मला नखशिखान्त न्याहाळलं.

“कान धर,” त्या म्हणाल्या.

मी कान धरले. चाळीस माणसांसमोर, नव्या सफारीत, होणाऱ्या सासू-सासऱ्यांसमोर आणि जिच्याशी लग्न करायचं तिच्यासमोर, दोन्ही हातांनी दोन्ही कान. तिळगुळाची वडी उजव्या हातात होती, ती कानाला चिकटली.

तेवढ्यात शोभना म्हणाली, “पण बाई, यांच्या खोट्यामुळेच फांदी वाचलीये.”

ती पान उलटसुलट करून बघत होती. मग तिनं सगळ्यांना समजावलं, आणि मी कान धरूनच ऐकलं. तिचं म्हणणं असं की थंडीनं पान मरत नाही, बधिर होतं. त्याचा कारखाना सकाळी उशिरापर्यंत सुरूच होत नाही. ऊन मात्र सातलाच येऊन दारात माल ओतायला लागतं. आत घ्यायला कोणी नाही, माल साचत जातो, आणि तो साचलेला उजेडच पानाला जाळतो. गारठ्याच्या रात्रीनंतर लख्ख ऊन, हे दोन्ही एकत्र आलं की असं होतं. मलमलीतून पानापुरता उजेड आत जात होता, जास्तीचा बाहेर राहत होता, म्हणून ती फांदी शाबूत राहिली.

“म्हणजे मी त्याला उन्हात काढत होते ते,” बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

“हो बाई.”

“आणि आरसा?”

शोभनानं जाऊन आरसा उलटा फिरवला. बाईंनी टांगलेली एक परात स्वतः उतरवली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की कान सोड, आणि उद्या सकाळी टेप घेऊन ये. फळ्यावरचा जुना आकडा त्यांनी स्वतःच्या हातानं पुसला आणि लिहिलं: सदतीस अधिक चव्वेचाळीस, एक्याऐंशी. खाली एक ओळ लिहिली, ‘आधीचे आकडे चुकीचे होते.’

बिरारी सरांनी जाताना दादांना बाजूला घेतलं. लग्नाचं आता रथसप्तमीनंतर बघू, असं म्हणाले. घरी आल्यावर दादा एवढंच म्हणाले की कानाला तीळ लागलेत, ते पूस.

पुढचा महिना झाड पडद्यात राहिलं. बाईंच्या चार पांढऱ्या साड्या जोडून मी एक मोठा पडदा शिवला, बांबूवर दोऱ्या घालून तो सरकता केला. रात्री घोंगडीचा कोट, सकाळी कोट उतरवण्याआधी पडदा लावायचा, अकराच्या पुढे हवा तापली की पडदा बाजूला ओढायचा. आरसा कपाटात गेला. पराती स्वयंपाकघरात गेल्या. बाईंनी मला कात्रीही आणू दिली. करपलेली पानं हळूहळू गळून गेली, पण नवं एकही पान करपलं नाही. फेब्रुवारी लागला तशी टोकांना पालवी फुटली. अडचण अशी की अव्होकाडोची कोवळी पानं तांबूस असतात. काही दिवसांनी हिरवी होतात. बिरारी सरांनी निरोप पाठवला की पैज हिरव्या पानांची आहे, तांबड्यांची नाही. बाईंनी उलट निरोप पाठवला की मान्य.

रथसप्तमीच्या सकाळी बाईंनी अंगणात सात घोड्यांच्या सूर्याची रांगोळी काढली होती. गोवऱ्यांवर बोळक्यात दूध उतू घालवलं. बाई सूर्याला हात जोडत होत्या आणि त्यांच्या मागे त्यांचं झाड सूर्यापासून चार साड्यांआड लपलेलं होतं. मी सातला जाऊन कोट काढला होता. मोजणी अकराला होती.

सर बरोबर अकराला आले. मिशीला तेल लावलेलं होतं. पन्नासेक माणसं जमली. मी पडदा बाजूला ओढला आणि शोभना एकेका पानाखाली बोट धरून मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. पाऊण तास लागला. मधे एकदा एका पानापाशी ती थांबली, ते पान उन्हाकडे धरून बघितलं आणि पुढे गेली. सगळं झाल्यावर ती बाईंसमोर येऊन उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी टेपची गुंडाळी करत होतो.

“एकशे तीन,” ती म्हणाली.

बाई मट्‌कन खुर्चीत बसल्या. सर उभेच होते. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितलं नाही. आपल्याच मुलीनं मोजलंय, तिच्यावर अविश्वास दाखवणारा माणूस नव्हता तो. ते शांतपणे चपला घालून गेले आणि तासाभरानं परत आले तेव्हा दारात कोणी त्यांना ओळखलं नाही. एका बाईनं विचारलं की कोण हवंय. मिशीखालचा ओठ तीस वर्षं उन्हात न आल्यामुळे पांढराफटक होता, आणि चेहरा कमालीचा लहान दिसत होता. बाई उठल्या, त्यांच्या हातावर तिळाची वडी ठेवली आणि म्हणाल्या, “बिरारी, शब्दाचे पक्के आहात.” सर म्हणाले, “थंडी वाजते हो, बाई.”

आमचं लग्न वैशाखात झालं. मांडवात अर्धी माणसं मुलीच्या बापालाच मुलीचा बाप कुठे म्हणून विचारत होती. सासूबाईंनी मात्र लग्नाआधीच बाईंना खण-नारळ पाठवला होता, तो कशाबद्दल ते सरांना शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाळीपर्यंत मिशी पहिल्यासारखी झाली.

तीन वर्षांनी झाडाला पहिली फळं आली. बाईंनी सगळ्यांना बोलावून त्यातल्या एकाचे वीस तुकडे केले. आम्ही प्रत्येकानं तो तुकडा तोंडात घातला आणि एकमेकांकडे बघितलं. त्याला काहीही चव नव्हती. साबणासारखं मऊ लागत होतं. सरांनी तो गिळला, पाणी प्यायले आणि विचारलं, “याच्यापायी?” बाई हसल्या. बाईंना हसताना मी तेव्हा प्रथम पाहिलं. हसता हसता त्यांनी मिठाची डबी पुढे केली.

आता बाई नाहीत, सरही नाहीत. बाईंचं घर त्यांच्या भाचीनं ठेवलंय आणि झाड कौलांच्या वर गेलंय. दर वर्षी ती आम्हाला पिशवीभर फळं पाठवते. हल्ली शोभना त्यात कांदा, मिरची, लिंबू घालून कालवते, बरं लागतं. यंदा पिशवी आली तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात ओट्यापाशी फळं कापत होतो. दुपार होती, घरात दुसरं कोणी नव्हतं. मला काय वाटलं कोण जाणे, अठ्ठावीस वर्षं पोटात ठेवलेलं मी बोलून टाकलं.

“रथसप्तमीला सकाळी कोट काढताना मी पानं मोजली होती,” मी म्हणालो. “शहाण्णव भरली होती.”

शोभनानं फळाचे दोन भाग केले, चमच्यानं बी काढली आणि बाजूला ठेवली.

“चौऱ्याण्णव,” ती म्हणाली. “तुम्ही दोन तांबडी धरलीत.”